कोरड्या बोअरचे विठोजीराव

आमचे घरमालक विठोजीराव साळुंके बंगळुरात दुसऱ्यांच्या कोरड्या बोअरला पाणी आणून द्यायचे आणि स्वतःच्या घरी टँकर मागवायचे. हे मला कळलं तेव्हा आमचं सामान वरच्या मजल्यावर चढवून झालं होतं, पंखेसुद्धा लागले होते. नाहीतर मी त्या घरात पाऊल टाकलं नसतं. मी पुण्याची. नळ सोडला की पाणी यायला हवं, एवढी साधी माझी अपेक्षा.

शहाण्णव साल होतं. माझ्या नवऱ्याला, वासुदेवला, इंदिरानगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही हलसूरला जागा घेतली, ती केवळ घरमालक मराठी म्हणून. मराठी म्हणजे कसे, तर बंगळुरातल्या प्रत्येक जुन्या मराठी घराप्रमाणे हेही शहाजीराजांबरोबर आलेले. एवढी सगळी मंडळी बरोबर घेऊन राजे चालले तरी कसे, हे मला अजून कोडं आहे. पहिल्याच दिवशी विठोजीराव जिन्यात उभे राहून म्हणाले, "संध्याक्का, पाणी स्वल्प बघून वापरा हं. दिवसाआड येतं. नाही आलं तर मला सांगा, मी पण तुमच्याबरोबर वाट बघतो." माणूस विनोद करतोय की खरं सांगतोय हे कळेना. पुढे कळलं की ते नेहमी खरंच सांगतात, आणि हसू मागाहून येतं.

बुटके, काळेसावळे, कपाळावर गंधाचा ठिपका आणि नखांत कायम ग्रीस. पूर्वी ते बोअर मारणाऱ्या रिगवर होते. मग पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मालकाकडे 'हायड्रो'च्या ट्रकवर गेले. बोअर मारलं आणि नुसती धूळ निघाली, की लोक आधी पाणाड्याला शिव्या देतात, मग रिगवाल्याला, मग नशिबाला. तिघांना देऊन झाल्या की विठोजीरावांकडे येतात. त्या ट्रकवर एक दांडगा पंप होता. कोरड्या बोअरमध्ये लोखंडी पाइप सोडायचे, टोकाला रबराचं जाडजूड बूच. ते खडकात घट्ट बसवायचं आणि त्याच्याखाली प्रचंड दाबानं पाणी कोंबायचं. खडकात जुन्या बारीक भेगा असतात, मातीनं बुजलेल्या. दाबानं त्या उघडतात. आसपास कुठे पाणी असेल तर त्या वाटेनं बोअरमध्ये येतं, नसेल तर येत नाही. पाणी मिळवायला आधी टँकरभर पाणी त्या भोकात ओतायचं, हे मला कितीतरी दिवस पचलं नव्हतं.

"गॅरंटी आहे का?" असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "देवळात जाऊन विचारता काय गॅरंटी? मग मलाच का?"

त्यांच्या मालकाकडे एकदा एक इंजिनिअर आला होता, तेलाच्या विहिरींवर परदेशात काम करून आलेला. त्यानं सांगितलं की तिकडे हेच करतात, पण मैलभर खाली, तेलासाठी. शिवाय बोअर सरळ खाली नेऊन मग आडवं वळवतात आणि जमिनीखालून लांबच्या लांब नेतात, आणि त्या आडव्या बोअरमध्ये दाब देऊन खडक फोडतात. विठोजीरावांना त्या आडव्या बोअरचं भारी अप्रूप वाटलं. घरी येऊन त्यांनी मला ते जेवणाच्या ताटावर शेवग्याची शेंग वाकवून दाखवलं. शेंग मोडली. म्हणाले, "मी त्याला विचारलं, सर, आडवं नेता तेव्हा वर ज्यांची घरं आहेत त्या शेजाऱ्यांना विचारता काय? तर तो हसायला लागला. हसण्यासारखं काय आहे त्यात?"

शेजाऱ्यांना विचारणं हा त्यांच्या कामाचा पहिला भाग होता. उघडलेली भेग कुणाच्या मालकीची भिंत ओळखत नाही. एकाच्या बोअरला दाब दिला की शेजारच्या बोअरमधून चिखल उसळू शकतो, मोटर खाली असेल तर तीही जाते, आणि कधीकधी शेजाऱ्याचं पाणीच इकडे वळतं. म्हणून आदल्या दिवशी विठोजीराव अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, हातात कुंकवाची कोयरी आणि अक्षता घेऊन आसपासच्या प्रत्येक बोअरवाल्याच्या घरी जायचे. लग्नाचं बोलावणं करावं तसं. "उद्या प्रेशर देतोय, यायचं. आणि मोटर वर काढून ठेवायची." काम सुरू करण्याआधी पुन्हा एकेकाला विचारायचे, मोटर काढली ना? मी चिडवलं की म्हणायचे, "संध्याक्का, इशारा दिला की लोक भांडायला येतात. अक्षत दिली की नटून येतात."

आणि एवढं सगळं करणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या अंगणात, तुळशीच्या मागे, एक बोअर होतं. ठार कोरडं. त्यावर दगड ठेवून सुनंदाबाई, म्हणजे त्यांची बायको, पापड वाळत घालायच्या.

भिंतीपलीकडच्या अंगणात दुसरं बोअर होतं, आणि त्याला इतकं पाणी की पलीकडचा माळी केळीला पाट सोडायचा. वरच्या गच्चीतून मला दोन्ही अंगणं दिसायची. पलीकडचं घर नरसिंहरावांचं. चिक्कपेटेत साड्यांचं दुकान असलेले, जरीची टोपी घालणारे, उंचेपुरे नरसिंहराव म्हणजे विठोजीरावांचे सख्खे थोरले भाऊ, अण्णा. दोघांत एका शब्दाचं बोलणं नव्हतं.

कारण विचाराल तर एक नारळ. फार वर्षांपूर्वी, घर एकच असताना, अण्णांनी बोअरसाठी पाणाड्या बोलावला. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून अंगणभर फिरला. नारळ एका जागी उभा राहिला, पाणाड्यानं तिथे खुंटी ठोकली. विठोजीराव तेव्हा रिगवर होते, तरणे होते, आणि खडकातलं सगळं आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज होता. साऱ्या भाऊबंदांसमोर ते म्हणाले, "अण्णा, त्या नारळाची चटणी कर. पाणी मी दाखवतो." अण्णांनी खुंटीवरच बोअर मारलं आणि पाणी असं उसळलं की बघणारे भिजले. विठोजीरावांनी हट्टानं आपल्या जागी बोअर मारलं. तिथून निघाली ती पीठच म्हणावं अशी पांढरी धूळ. अण्णा हसले. सगळ्यांसमोर पोट धरून हसले. मग विठोजीराव नको ते बोलून बसले, "तुझ्या पाण्याचा थेंब माझ्या तोंडात जाणार नाही." अण्णा म्हणाले, "नको तर नको." वाटण्या झाल्या, मधे भिंत आली. घरी जिद्दीनं टँकर येऊ लागला.

मला ह्या दोघांचा इतका राग यायचा! एक भिंत, पलीकडे पाणी वाहतंय, आणि मी इकडे बादलीभर पाण्यात केस धुतेय. एकदा मी जिन्यातच त्यांना अडवलं. "काका, गावभर लोकांना पाणी काढून देता, आपल्या बोअरला एकदा तो तुमचा दाब द्या ना."

विठोजीराव पायरीवर बसले. "अण्णाचं बोअर किती जवळ आहे बघितलंय ना? माझी भेग उघडली तर त्याचं पाणी इकडे येईल. आज तो बोलत नाही, ते सोसवतं मला. वाटतं, कधीतरी बोलेल. पाणी गेलं तर मात्र कधीच बोलणार नाही." आणि मग खाली बघत म्हणाले, "मला पाणी पाहिजे, संध्याक्का. पण अण्णा जास्त पाहिजे."

असं इतकं सरळ कुणी बोललं की पुणेरी माणसाची पंचाईत होते. मी वर निघून गेले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचं, पवित्राचं, लग्न हुबळीच्या एका मुलाशी जमलं. साखरपुडा घरीच करायचा, मुलाकडची मंडळी राहायला येणार. सुनंदाबाईंनी पाय आपटले. "पाहुण्यांनी टँकरची वाट बघत टॉवेल गुंडाळून बसायचं काय? अहो, गावभर अक्षत घेऊन फिरता, भावाच्या दारात जायला काय होतंय तुम्हाला? विचारा. अण्णा नको म्हणाले तर नको."

विठोजीराव तयार झाले. धुतलेला शर्ट घातला, कोयरी घेतली, सगळी आळी केली. शेवटी अण्णांच्या फाटकाशी गेले, कडीला हात लावला आणि परत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. मी गच्चीतून बघत होते आणि दात-ओठ खात होते. तिसऱ्यांदा सुनंदाबाईंनी त्यांच्या हातातून कोयरी काढून घेतली, "सरा बाजूला," म्हणाल्या आणि स्वतः गेल्या.

परतल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. अण्णा दुकानात होते. दार उघडलं ते अहल्याबाईंनी, त्यांच्या थोरल्या जावेनं. "अक्कांनी मला जवळच घेतलं हो," सुनंदाबाई म्हणाल्या. "मला बोलताच येईना. उद्या सकाळी यायचं, दोघांनी, एवढं म्हटलं. अक्षत दिली. अक्का म्हणाल्या, येतो, दोघंही येतो."

"येतो म्हणाल्या?" विठोजीराव पुन्हा पुन्हा विचारत राहिले. मोटर वर काढायचं सांगितलंस का, हा साधा प्रश्न काही त्यांना सुचला नाही. मी तिथेच उभी होते, मलाही सुचला नाही. सुनंदाबाई पदरानं डोळे पुसत होत्या आणि विठोजीराव स्वयंपाकघरात उगाच एकेक डबा उघडून आत बघत होते. अशा वेळी मोटर कुणाला आठवते?

सकाळी ट्रक आला. पापडांचा दगड बाजूला झाला, पाइप खाली गेले, बूच बसलं. आळीतले लोक जमले. विठोजीराव नेमानं एकेकाला विचारत होते, "मोटर काढली?" आणि लोक सांगत होते, "आयतु, आयतु. काढली." पंप सुरू झाला. घरच हादरायला लागलं.

तेवढ्यात फाटक उघडलं आणि अण्णा आत आले. काळा कोट, जरीची टोपी, खांद्यावर रेशमी उपरणं. मागे अहल्याबाई, नऊवारी शालू, नाकात नथ, अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा आणि हातात झाकलेलं ताट. ताटात नारळ होता आणि दुकानातली उत्तमातली उत्तम साडी. विठोजीरावांचा पंपाच्या झडपेवरचा हातच थांबला. बोलले नाहीत दोघंही. विठोजीरावांनी स्वतः खुर्ची पुसली, मांडली. अण्णा बसले. कोटाची बटणं लावून, गुडघ्यांवर हात ठेवून, कार्याला बसतात तसे बसले. मोटर काढली का, हे अख्ख्या आळीला विचारणाऱ्या माणसानं एका अण्णांना तेवढं विचारलं नाही. भाऊ दारात आला म्हणजे सगळं झालंच, असं त्यांना वाटलं. मला वरून त्यांचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्याच्या माणसाला कुणी काही विचारायची आठवण करून दिली असती तर मीच त्याला गप्प केलं असतं.

इकडे अहल्याबाईंनी ताट खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सुनंदाबाईंच्या कानाशी ओरडून विचारलं, "मुलाकडची मंडळी कुठं आहेत गं?"

सुनंदाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. घरात अक्षत आली, पवित्राचं जमल्याचं आळीत सगळ्यांना ठाऊक, म्हणजे हे साखरपुड्याला आले होते! दुसऱ्या कशासाठी येतील ते? आणि त्यांची मोटर तिकडे बोअरमध्ये तशीच खाली. त्या धावत नवऱ्याकडे गेल्या, हातवारे केले, भिंतीकडे बोट दाखवलं. पंपाच्या आवाजात काही ऐकू येईना. विठोजीरावांना वाटलं, ही आनंदानं वेडी झालीय. त्यांनीही भिंतीकडे बघून मान डोलावली, डोळे पुसले आणि दाब आणखी वाढवला.

पंपावरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा चढत गेला आणि एकदम खाली पडला. ट्रकवरच्या पोरांनी आरोळी ठोकली, कारण काटा पडला म्हणजे खडक उघडला. त्याच क्षणी मला भिंतीपलीकडे गुडगुड ऐकू आली. अण्णांच्या बोअरवरचं झाकण उडालं आणि लाल गढूळ पाण्याचा लोट उसळून अहल्याबाईंच्या दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर पडला. मी गच्चीतून बोंब मारली, "पलीकडे! पंप बंद करा! पलीकडे बघा!"

पंप थांबला. अण्णा कोट सावरत धावले, मागोमाग आम्ही सगळे. अण्णा आपल्या बोअरजवळ उभे राहिले, त्यातून येणारा चिखल बघितला, मग वळून भावाकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. ह्या माणसाला ज्याची भीती होती तेच झालं, आणि तेही त्याच्याच हातानं. मला खरंच रडू आलं.

"विठ्या!" अण्णा गरजले. "गाढवा! बैला! माझ्या बोअरची वाट लावलीस की रे!"

विठोजीराव मान खाली घालून उभे होते. हळूहळू मान वर आली. बायकोकडे वळून ते दबक्या आवाजात म्हणाले, "अण्णा मला बोलला."

"अहो, शिव्या घालताहेत ते," सुनंदाबाई म्हणाल्या.

"मलाच घालतोय की पण!"

दिवसभर त्यांनी अण्णांची मोटर वर काढली, खोलली, तिच्यातला गाळ धुतला, पुन्हा जोडली. अण्णा दुकान बंद ठेवून, कोट अंगात तसाच, शेजारी खुर्ची टाकून बसले होते आणि बोलत होते. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते काय एका दिवसात संपतंय? "थेंब तोंडात घेणार नाही म्हणालास. आता अख्खं बोअर पोटात घातलंस. अक्षत घेऊन येतात लग्नाची, म्हणे मोटर काढा. कुणाला कळणार? तुझं डोकं तरी ठिकाणावर होतं काय?" विठोजीराव "नाही अण्णा, होय अण्णा" करत पाना फिरवत होते. अहल्याबाईंनी साठवणीच्या पाण्याची कॉफी केली. त्यांच्याच बोअरचं पाणी ते. विठोजीरावांनी पेला एका दमात रिकामा केला आणि आणखी मागितली. अहल्याबाई आत जाऊन जरा वेळ बाहेरच आल्या नाहीत.

आमच्या बोअरला पाणी लागलं. भरपूर नाही, पण लागलं. आठवड्याभरात गढूळपणा गेला, तेव्हा खरी गंमत कळली. खाली दोन्ही बोअर एक झाली होती. इकडे मोटर लावली की तिकडची पातळी उतरायची, तिकडे लावली की इकडची मोटर नुसती हवा ओढायची. दोन्ही एकदम चालू केल्या तर कुणालाच काही नाही. म्हणून आधी विचारणं आलं. रोज सकाळी भिंतीपाशी उभं राहून विठोजीराव हाक मारायचे, "अण्णा, लावू काय मोटर?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "थांब रे, माझी टाकी भरू दे. घाई कसली?" कधी अण्णांची हाक आधी यायची. कधी विषय मोटरीवरून दुकानावर जायचा, गुडघेदुखीवर जायचा, आणि टाक्या तशाच राहायच्या. मी वरून ओरडायचे, "कुणीतरी एकानं लावा हो! माझ्या डोक्याला साबण आहे!"

पवित्राचा साखरपुडा झाला. त्या दिवशी अहल्याबाईंनी तोच शालू नेसला. माझ्या मते तो तिथेच नेसायचा होता, आदल्या वेळी थोडी घाई झाली इतकंच.

त्यानंतर थोड्या दिवसांनी तो तेलवाला इंजिनिअर पीण्यात मालकाकडे पुन्हा आला. विठोजीरावांनी त्याला आपल्या घरची हकिकत सांगितली. तो म्हणाला, सोपं आहे, तुमच्या बोअरमध्ये अमुक खोलीवर सिमेंट सोडा, ती मधली भेग बुजेल. मग थोडं आणखी खाली मारून बघा. कुणाचं पाणी कुणाला लागणार नाही.

सुनंदाबाईंना ते पटलं. घरात मुलगी-जावई येणार, रोज उठून कोण विचारत बसणार? विठोजीरावांचं दोन दिवस जेवणावर लक्ष नव्हतं. मग रविवारी सकाळी ते भिंतीशी गेले. आपण होऊन काही करायचं नाही, शेजाऱ्याला विचारायचं, हा त्यांचा नेम. मी कपडे वाळत घालत होते, त्या हातातल्या चादरीसकट थांबले.

"अण्णा," ते म्हणाले, "ती खालची भेग बुजवता येते म्हणे. सिमेंट सोडून."

पलीकडे अण्णा केळीला पाणी घालत होते. "बुजवली की काय होईल?"

"काय होणार? तुझं तुला, माझं मला. मग एकमेकांना विचारायला नको."

अण्णांनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मला भिंतीच्या दोन्ही बाजूंची माणसं दिसत होती, त्यांना एकमेकांची फक्त डोकी.

"इतकी वर्षं तेच केलं की रे," अण्णा म्हणाले. "तुझं तुला, माझं मला. पुरे झालं. राहू दे ती भेग."

विठोजीराव भिंतीला धरून उभे राहिले.

"आणि ऐक," अण्णा ओरडले, "मोटर आधी मी लावणार. मी थोरला आहे."